जयसिंगरावांचं प्रॉम्प्टिंग

आमच्या मंडळाच्या नाटकात मी पडदा ओढतो. हे काम मला माझ्या अभिनयामुळे मिळालं. एका वर्षी मी फौजदाराची भूमिका केली आणि पुढच्या वर्षीपासून सर्वानुमते माझ्या हातात दोरी देण्यात आली. पडदेवाल्याला विंगेत बसायला एक स्टूल मिळतं. त्या स्टुलावरून रंगमंच, समोरची विंग आणि प्रेक्षकांच्या पहिल्या दोन रांगा असं सगळं दिसतं. त्यामुळे जयसिंगरावांनी सूड घेतला तेव्हा तो सगळ्यात चांगल्या जागेवरून बघायचा मान मला मिळाला, तोही फुकट.

आमचं मंडळ बेंगळुरातल्या बनशंकरीतलं. त्यात दोन प्रकारचे मराठी लोक आहेत. पहिले, जे चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. दुसरे, जे अलीकडे विमानानं आले आणि पुढच्या वर्षी पुण्याला परत जाणार आहेत. ते दरवर्षी पुढच्या वर्षीच परत जाणार असतात. पहिल्यांच्या मराठीत कानडी मुरलंय, दुसऱ्यांच्या मराठीत इंग्रजी, आणि समोरच्यानं मराठीची वाट लावली यावर दोघांचंही एकमत आहे. एरवी एकमेकांच्या घरी कोणी जात नाही. गणपतीत मात्र सगळे एकत्र येतात आणि एक नाटक करतात.

हे नाटक वर्षानुवर्षं जयसिंगराव लिहीत आले. जयसिंगराव पहिल्या प्रकारातले, घोड्यावरचे. पीण्या नावाच्या औद्योगिक भागात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, आता ते मुलगा बघतो. दिवसा पंपाचे शाफ्ट कातायचे आणि संध्याकाळी नाटक लिहायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. शाफ्टचे पैसे घेतले, नाटकाचे कधी घेतले नाहीत. तालमी त्यांच्याच हॉलमध्ये व्हायच्या. त्यांची बायको गोजराबाई, आम्हा सगळ्यांची अक्का, तालमीला चिवडा आणि फिल्टर कॉफी पुरवायची, आणि ज्याचं पाठांतर झालेलं नसेल त्याची बशी उचलून न्यायची. त्यामुळे आमच्याकडे अभिनय कोणालाच येत नसला तरी सगळ्यांना सगळ्यांचे संवाद पाठ असायचे.

यंदाच्या नाटकाचं नाव होतं ‘पाण्याखालचा प्लॉट’. गोष्ट साधी. हणमंतअण्णा नावाचा एक म्हातारा. लहानपणापासून तो ज्या तळ्यावर मासे धरत आला ते तळं बुजवून तिथं टॉवर उभा राहतो. अण्णाला कोणी काही सांगितलेलं नाही, की सांगितलेलं त्यानं ऐकलेलं नाही, कळत नाही. तो रोज गळ घेऊन टॉवरच्या लॉबीत येऊन बसतो, चकचकीत फरशीवर गळ सोडून. वॉचमन हाकलतो, रहिवासी फोटो काढतात. तिसऱ्या अंकात खुद्द बिल्डर समजूत घालायला येतो आणि अण्णा पहिल्यांदा मनातलं बोलतो. ते भाषण जयसिंगरावांनी आधी लिहिलं होतं आणि उरलेलं नाटक नंतर त्याच्या अवतीभवती बांधलं होतं.

“दोन अंक गेले तरी चालतील,” ते मला म्हणाले होते, “पण एवढं बोलणं एकदा स्टेजवरून जाऊ दे. जसं आहे तसं. मग मी पेन बंद करतो, सरी?”

हेब्बाळच्या बाजूला एक तळं होतं, तिथं त्यांच्या वडिलांनी त्यांना पोहायला शिकवलं होतं. त्याचं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. ते नाटकात होतं. हणमंतअण्णाची भूमिका अर्थातच ते स्वतः करणार होते.

तेवढ्यात मंडळाच्या निवडणुका झाल्या आणि शुभंकर सेक्रेटरी झाला.

शुभंकर दुसऱ्या प्रकारातला, विमानाचा. हेब्बाळला टेक पार्कात मोठ्या हुद्द्यावर. मुलगा हुशार, गोड बोलणारा, मोठ्यांच्या पाया पडणारा. पाया पडताना माणूस वाकतो तेव्हा त्याची नजर गालिच्याखाली काय आहे ते बघत असते, हे मला उशिरा कळलं. पहिल्याच सभेत त्यानं भिंतीवर चित्रं दाखवून सांगितलं की मंडळाकडे टॅलेंट आहे, पण मॉनेटायझेशन नाही.

“काका, ॲक्च्युअली आपण प्रेमापोटी करतो म्हणून लोक आपल्याला सीरियसली घेत नाहीत,” तो म्हणाला. “फुकट गोष्टीला व्हॅल्यू नसते. तिकीट लावा, स्पॉन्सर आणा, एक फेस आणा.”

“फेस कशाला?” जयसिंगराव म्हणाले. “सगळ्यांना आहे की.”

शुभंकर हसला. तो मोठ्यांच्या विनोदाला नेहमी हसत असे. मग त्यानं स्पॉन्सर आणला. सरोवरसुख बिल्डर्स. मालक अभिराज साहेब, मूळचे बेळगावकडचे, मराठीवर प्रेम असलेले. ह्याच सरोवरसुखच्या नव्या टॉवरमध्ये शुभंकरनं फ्लॅट बुक केला होता आणि त्याचा लेक व्ह्यू तो सगळ्यांना मोबाइलवर दाखवत असे. चित्रात निळंशार पाणी होतं आणि दोन बदकं. आता तळं बुजवणाऱ्या बिल्डरच्या नाटकाला बिल्डरचाच पैसा कसा चालेल, असा प्रश्न तुम्हाला पडेल. शुभंकरला पडला नाही. त्यानं नाटक बदललं.

त्यानं तिसऱ्या अंकातलं भाषण काढून टाकलं. त्याच्या जागी असं झालं की बिल्डर म्हणतो, “अण्णा, इथं आता पाणी नाही.” त्यावर हणमंतअण्णा चौफेर नजर फिरवून म्हणतो, “तळं नसलं म्हणून काय झालं, चोवीस तास पाणीपुरवठा तर आहे.” मग तो गळ गुंडाळतो आणि मुलीच्या नावानं टू बीएचके बुक करतो.

“पॉझिटिव्ह नोटवर संपतं,” शुभंकर म्हणाला.

शिवाय त्यानं जयसिंगरावांची भाषा धुऊन काढली. ‘स्वल्प’ गेलं, ‘सरी’ गेलं, ‘अक्का’ची ताई झाली. पोस्टरवर ‘लेखन व संस्करण : शुभंकर’ असं मोठं आलं आणि खाली, प्रायोजकांच्या चिन्हाला लागून, ‘मूळ कल्पना : जयसिंगराव’. हणमंतअण्णाच्या जागी मुंबईहून ऋतुराज आला. मालिकेत जो तीन वर्षं कोमात होता आणि तरी ज्याला पुरस्कार मिळाला, तोच ऋतुराज. बिल्डरची छोटी भूमिका शुभंकरनं स्वतःकडे ठेवली. सेक्रेटरीनं एखादी भूमिका करायची अशी आमच्याकडे पद्धत आहे, तेवढी एक परंपरा त्यानं पाळली.

जयसिंगरावांनी सभेत चष्मा काढून पुसला आणि परत घातला. लेथवर काम केलेला माणूस घाई करत नाही. घाई केली की बोट जातं.

आता ऋतुराजची एक अडचण होती. मालिकांच्या धबडग्यात त्याला पाठांतराला वेळ मिळत नसे. तो कानात एक छोटं यंत्र घालून काम करायचा. मक्याच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं. विंगेत बसलेला माणूस माइकमध्ये कुजबुजतो आणि ऋतुराज ते ऐकत ऐकतच बोलतो, एका शब्दाचं अंतर ठेवून. विंगेतला तो माणूस म्हणजे त्याचा स्वतःचा प्रॉम्प्टर, मुंबईहून बरोबर येणारा. पण त्याचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल वेगळं. शुभंकरनं बोलणी करून तेवढा खर्च वाचवला.

“त्याची काय गरज?” तो आम्हाला म्हणाला. “आपल्याकडे जयसिंगकाका आहेत. त्यांना तर अख्खं नाटक पाठ आहे. काकांनाही इन्व्हॉल्व्ह्ड वाटेल.”

पुण्याहून आलेल्या माणसाला आमच्या चारशे वर्षांच्या मंडळींबद्दल फारशी माहिती नसते, हे मी समजू शकतो.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी जयसिंगरावांकडे गेलो. गोजराबाई अवरेकाळ, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या. रागावल्या की त्या शेंगा सोलतात, आणि त्या आठवड्यात घरात शेंगांशिवाय दुसरी भाजी झाली नव्हती.

“मी सांगते ते करा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्या हिरोच्या कानात शिव्या घाला. कानडी घाला. त्याला कळायच्या नाहीत, तसाच म्हणून टाकेल. पुढं बसलेल्यांना कळतील.”

“माझ्या नाटकात शिव्या नाहीत, गोजरा.”

“नाटक तुमचं राहिलंय कुठं?”

“तेच तर,” जयसिंगराव म्हणाले. “पाडायला जावं तर माझंच पडतंय. नाही पाडलं तर त्या पोराचं उभं राहतंय. सांग, आता काय करायचं?”

गोजराबाईंनी एक शेंग अशी मोडली की मला शुभंकरची काळजी वाटली.

“बिडा मग,” त्या म्हणाल्या. “सोडून द्या. घरी बसा.”

“सोडायचं कसं? सोडायला शिकलो असतो तर चाळीस वर्षं फुकट नाटकं केली असती का?”

प्रयोग दुपारचा होता, कारण ऋतुराजचं संध्याकाळचं विमान होतं. आधी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये करायचो, यंदा वातानुकूलित नाट्यगृह. दारात सरोवरसुखचं टेबल, त्यावर टॉवरचं थर्माकोलचं मॉडेल आणि मॉडेलच्या पायथ्याशी निळा जिलेटिन कागद. तो कागद म्हणजे लेक.

ऋतुराज आला तो सरळ ग्रीनरूममध्ये. दिसायला खरोखर देखणा. शुभंकरनं जयसिंगरावांची ओळख करून दिली.

“हे आमचे प्रॉम्प्टरकाका.”

“नमस्कार काका,” ऋतुराज म्हणाला. “जरा चहा सांगता? बिनसाखरेचा.”

जयसिंगरावांनी चहा सांगितला.

“आणि एक,” ऋतुराज कानात यंत्र बसवत म्हणाला, “वाक्य अर्धं आधी द्या. सपाट द्या, ॲक्टिंग नको, ॲक्टिंग मी करतो. मी अर्थ बघत नाही, बघितला की अडखळतो. आणि राग मानू नका, पण तुमचा तो कानडी हेल जरा टाळा. कानात फार खुपतो.”

“सरी,” जयसिंगराव म्हणाले.

“काय?”

“बरं म्हटलं.”

“हे लिहिलंय कोणी, शुभंकर? चांगलं आहे.”

“टीमनं,” शुभंकर म्हणाला.

मी जयसिंगरावांकडे पाहिलं. ते चहाच्या कपाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा शांत होता. पीण्यात त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका माणसानं मला पूर्वी सांगितलं होतं की साहेब ओरडायला लागले की आम्ही निर्धास्त असायचो.

नारळ फुटला, तिसरी घंटा झाली, मी पडदा ओढला. पहिले दोन अंक जयसिंगराव माझ्या शेजारी लोखंडी खुर्चीवर बसून शुभंकरची धुतलेली प्रत समोर धरून, शब्द न शब्द, सपाट आवाजात देत होते. हेल नाही, काही नाही. आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे, ऋतुराज नट होता. ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असं वाक्य इतकं मनापासून बोलणारा माणूस मी याआधी फक्त सभांमधून पाहिला होता. त्याच्या तोंडून येणारं ते पाणचट मराठीसुद्धा लोक कान देऊन ऐकत होते. जयसिंगराव कुजबुजत होते आणि मधूनमधून त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होते, जशी आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात दूध देताना कोणी बघावी.

मध्यंतरात वडे संपले. तिसरा अंक सुरू झाला. लॉबी, फरशी, ऋतुराज गळ सोडून बसलेला. आमची शाल्मली, म्हणजे अण्णाची मुलगी, शेजारी उभी. शुभंकर बिल्डरचा सूट घालून आत आला. पहिल्या रांगेत अभिराज साहेब जरा पुढे सरकून बसले. त्यांच्या शेजारी नऊवारीतली त्यांची आई होती.

“अण्णा,” शुभंकर म्हणाला, “इथं आता पाणी नाही.”

जयसिंगरावांनी हातातली प्रत मिटली. नीट घडी घालून खुर्चीखाली ठेवली. चष्मा काढून वरच्या खिशात टाकला. मग ओठ माइकला लावून, हेलासकट, बोलायला लागले.

आणि रंगमंचावर ऋतुराज बोलला :

“पाणी नाही कसं म्हणता, साहेब? सकाळी टँकर आला नाही का तुमच्याकडं? ते माझंच पाणी. स्वल्प फिरून आलंय.”

प्रेक्षागृहात मागच्या रांगांतून हसू आलं. मागच्या रांगांत घोड्यावरचे होते. शुभंकर थबकला. मग त्याला वाटलं असावं की ऋतुराजनं काहीतरी भर घातली. त्यानं पटकन आपलं पुढचं वाक्य टाकलं.

“मग अण्णा, बुकिंग करू या?”

जयसिंगरावांच्या मूळ नाटकात हे वाक्य कुठंच नव्हतं. ते क्षणभर थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जो मी त्यांच्या नातवाच्या बारशातही पाहिला नव्हता.

“तुमचं झालंय ना बुकिंग?” ते कुजबुजले.

“तुमचं झालंय ना बुकिंग?” ऋतुराजनं विचारलं, डोळ्यांत अपार माया आणून.

शुभंकरनं विंगेकडे पाहिलं. त्याला जयसिंगराव दिसले. आमच्या सेक्रेटरीला अख्खं नाटक त्या वेळी समजलं, मला वाटतं पहिल्यांदाच.

“सांगा की,” ऋतुराज म्हणाला. “कितव्या मजल्यावर?”

माणूस घाबरला की खरं बोलतो.

“सातव्या,” शुभंकर म्हणाला.

प्रेक्षकांत शुभंकरच्या मोबाइलवर ती बदकं न पाहिलेला माणूस नव्हता. हशा उठला, तो थांबायला वेळ लागला. ऋतुराज थांबला, कारण जयसिंगराव थांबले होते. हशा किती ओसरू द्यायचा आणि कुठं तोडायचा, ते जयसिंगराव आयुष्यभर फुकट शिकले होते.

“सातव्यावरून काय दिसतं?”

“लेक,” शुभंकर अगदी बारीक आवाजात म्हणाला.

“कुठला?”

शुभंकरनं माझ्याकडे बघून हाताचा पंजा खाली केला. पडदा टाका. मी दोरीला हात घातला. पण माझ्या हातात त्या दिवशी जोर नव्हता. वय झालं.

शुभंकरनं मग शाल्मलीकडे पाहिलं, ती तरी काही सावरेल म्हणून. शाल्मली तशी त्याच्याच गटातली, नागपूरहून आलेली, त्याच्याच कंपनीत. पण नाटक बदलायच्या आधीच्या तालमी तिनं गोजराबाईंच्या हॉलमध्ये केल्या होत्या आणि जुनं नाटक तिला बशीसकट पाठ होतं. मूळ संवाद कानावर पडले आणि तिच्या तोंडून आपोआप पुढचा गेला.

“बाबा, साहेबांना उशीर होतोय. सांगून टाका एकदाचं.”

आणि ऋतुराजनं सांगितलं. जयसिंगराव डोळे मिटून कुजबुजत होते, आणि इकडचा प्रत्येक शब्द तिकडे मोठा होऊन, उजेडात भिजून बाहेर पडत होता.

“सांगतो, साहेब. माझ्या बानं मला इथंच पाण्यात टाकलं, आणि तो काठावर विडी ओढत बसला. मी बुडलो नाही. त्यामुळं आपल्याला पोहायला शिकवता येतं, असं त्याला मरेस्तोवर वाटत होतं. इथं माझी अक्का घागर विसरली आणि दुसऱ्या दिवशी घागर तिथंच होती. तुम्ही इथं माती कुठून आणलीत, मला माहीत नाही. रात्रंदिवस लॉऱ्या यायच्या. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या खड्ड्यात पाणी भरायला जेवढ्या पिढ्या लागल्या, तो बुजवायला तेवढ्या तरी लागतील. तुम्हाला एक उन्हाळा पुरला. हुशार आहात. पण पाणी शिकलेलं नाही, साहेब. त्याला पत्ता बदललेला कळत नाही. ते जुन्याच पत्त्यावर येतं. यंदा तुमच्या बेसमेंटला आलं होतं ना? ते मला शोधत आलं होतं. त्याला सांगायला म्हणून मी इथं बसलोय. तुम्ही बसा वर, सातव्यावर. मला फक्त खालचं हवंय.”

एवढं बोलून त्यानं गळ पुन्हा फरशीवर सोडला आणि त्या फरशीकडे असा पाहत राहिला, की मीही वाकून पाहिलं.

प्रेक्षागृहात वातानुकूलनाचा आवाज तेवढा येत होता. त्या शांततेत पहिल्या रांगेतली नऊवारीतली आजी आपल्या मुलाला, तिला वाटलं तशा हळू आवाजात, म्हणाली :

“अभी, आपल्या बिल्डिंगखाली काय होतं रे?”

“पार्किंग, आई,” अभिराज साहेब म्हणाले.

“त्याच्या आधी?”

इथं मात्र माझ्या हातात जोर आला आणि मी पडदा टाकला. टाळ्या पडद्यातून ऐकू येत होत्या. जयसिंगराव अजून डोळे मिटूनच होते.

शुभंकर विंगेत आला तेव्हा त्याच्या सूटच्या बगला ओल्या झाल्या होत्या.

“काका, धिस इज नॉट प्रोफेशनल,” तो म्हणाला.

“नाहीच,” जयसिंगराव म्हणाले. “मला कोणी पैसे दिलेत?”

“स्पॉन्सर समोर बसलाय. माझं... तुम्हाला काही कल्पना आहे?”

“मूळ कल्पना माझीच आहे की. पोस्टरवर तूच लिहिलंयस.”

पुढचं वाक्य कुजबुजायला शुभंकरच्या कानात कोणी नव्हतं. अभिराज साहेबांनी आरडाओरडा केला नाही. बाहेर सर्वांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून, फार छान झालं, असं म्हणाले. पुढच्याच आठवड्यात सरोवरसुखच्या कार्यालयातून त्याला कळवण्यात आलं की काही तांत्रिक कारणांमुळे त्याचा फ्लॅट सातव्यावरून दुसऱ्यावर आला आहे. तिथून जनरेटर दिसतो. सेक्रेटरीपद त्यानं सोडलं नाही, पण अलीकडे तो आमच्या पाया पडत नाही. गोजराबाईंनी ही बातमी ऐकली तेव्हा त्या चपात्या लाटत होत्या. “सरी झालं,” एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी दुसरी भाजी केली.

पण सुडाचा मोठा भाग अजून पुढं होता, आणि तो जयसिंगरावांच्या मनातही नव्हता. चालून आला.

झालं असं की ऋतुराज कानातलं यंत्र काढत आमच्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. ती ॲक्टिंग नव्हती, कारण समोर कोणी नव्हतं.

“शेवटचं कुठून आलं?” त्यानं विचारलं. “सकाळी मेलवर आलं होतं त्यात हे नव्हतं.”

“ह्यांनी लिहिलंय,” मी म्हणालो. “सगळंच ह्यांनी लिहिलंय.”

ऋतुराजनं चहा सांगणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं. मग तो खाली वाकला आणि पाया पडला. मी गालिच्याकडे पाहिलं, पण तिथं गालिचा नव्हता, आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

“मला हे नाटक द्या,” तो म्हणाला. “व्यावसायिकवर करतो. मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडे. जशीच्या तशी भाषा. तुमचं नाव वर. मानधन तुम्ही सांगाल ते.”

विंगेत शाल्मलीनं तोंडावर हात ठेवला. अख्खं आयुष्य हौशी नाटक केलेल्या माणसाला कोणी असं काही म्हणावं, हे आमच्यापैकी प्रत्येकानं आपापल्यासाठी कधी ना कधी मनात घोळवलेलं असतं. जयसिंगरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पैसे नकोत,” ते म्हणाले. “तसंच घेऊन जा. एक अट आहे.”

“बोला.”

“पाठ करायचं.”

ऋतुराज हसला. मग कोणीच हसत नाही असं पाहून थांबला.

“म्हणजे?”

“म्हणजे पाठ. तोंडपाठ. ते कानातलं काढून ठेवायचं. एक ‘स्वल्प’सुद्धा गाळायचा नाही. मला म्हणून दाखवायचं, मग प्रयोग.”

“काका, तुम्ही आकडा सांगा ना,” ऋतुराज काकुळतीला येऊन म्हणाला. “आकडा सोपा पडेल.”

“माहीत आहे,” जयसिंगराव म्हणाले.

त्याचं विमान होतं, तो गेला. मला वाटलं संपलं. पण ऋतुराजला ते भाषण सोडेना, हे जयसिंगरावांचं नशीब म्हणा की त्याचं दुर्दैव म्हणा. आता दर रविवारी सकाळी मुंबईहून फोन येतो. जयसिंगराव तो स्पीकरवर लावून मेजावर ठेवतात. मी तिथं असतोच, कॉफीला. एवढा मोठा नट, ज्याच्या घराखाली पोरी उभ्या असतात, तो शाळेतल्या पोरासारखा पहिल्या अंकापासून म्हणायला लागतो, आणि जयसिंगराव हातात प्रतही न घेता ऐकतात. शब्द चुकला की म्हणतात, पुन्हा. शब्द बरोबर, पण हेल मुंबईचा आला की म्हणतात, कानात खुपतोय, पुन्हा. मधे एकदा तो चिडून म्हणाला, ह्यापेक्षा मी तुम्हाला फ्लॅट घेऊन देतो. जयसिंगराव म्हणाले, तो वाक्यात नाही. पुन्हा.

गेल्या रविवारी तो तिसऱ्या अंकापर्यंत पोचला. टँकरचं वाक्य आलं, मग बाचं, मग घागरीचं. फोनमध्ये मागं कुठंतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि त्यातून तो आवाज येत होता, हळू, कुठंही न अडखळता, आमच्या बेंगळुरी मराठीत, जणू त्याच तळ्याच्या काठी वाढला असावा. जयसिंगरावांच्या हातातली कॉफी हातातच राहिली. भाषण संपलं. पलीकडे तो श्वास रोखून वाट बघत होता, ते इकडे कळत होतं.

गोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

“अहो, बरोबर म्हणाला की,” त्या हळूच म्हणाल्या. “एक शब्द चुकला नाही.”

जयसिंगरावांनी फोनवर तळवा ठेवला.

“माहीत आहे,” ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, कॉफीचा एक घोट घेतला, तळवा उचलला आणि फोनमध्ये म्हणाले, “पुन्हा.”